न सांगता काम सोडलं तर कंपनी खरंच ‘ब्लॅकलिस्ट’ करू शकते का?

पेरणी, लग्नसराई, गावची यात्रा, नाहीतर घरातलं दुखणं. कारण काहीही असो, पोरगं शनिवारी गावाकडं येतं आणि सोमवारी कंपनीत परत जात नाही. आठ दिवसांनी ठेकेदाराचा फोन येतो. राहिलेला पगार विसर, तुला ब्लॅकलिस्ट केलंय, आता एमआयडीसीत कुठंच लागणार नाहीस. सुपा, नागापूर आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पाथर्डीकडच्या पोरांना ही धमकी नवी नाही. पोरगं घाबरतं, घरचे त्याहून जास्त घाबरतात, आणि १५-२० दिवसांच्या घामाचा पैसा तिथंच सोडून देतात.

या धमकीत खरं किती आणि हवा किती, हे तपासायला पाहिजे. थोडक्यात उत्तर असं आहे. एखाद्या कामगाराला देशभरात किंवा एका एमआयडीसीत काम मिळू नये म्हणून मालकांनी यादी करावी, अशी परवानगी देणारा कोणताही कामगार कायदा आपल्याकडे नाही. पण न सांगता गेलं तरी काहीच होत नाही, हेही खरं नाही. कंपनीच्या हातात काही गोष्टी आहेत, कामगाराच्या हातात त्याहून जास्त आहेत. मात्र कामगाराच्या हातातल्या बहुतेक गोष्टी एका कागदावर अवलंबून आहेत, तो म्हणजे राजीनामा. तोच दिला जात नाही.

काळी यादी म्हणजे नेमकं काय?

‘ब्लॅकलिस्ट’ हा शब्द मुळात सरकारी टेंडरमधला. रस्त्याचं, धरणाचं काम नीट केलं नाही तर सरकार ठेकेदाराला काळ्या यादीत टाकतं. तिथंही मनमानी चालत नाही. आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या, मगच यादीत टाका, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७४ सालीच पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सांगितलंय. गंमत अशी की जो शब्द ठेकेदारांसाठी होता, तो आता ठेकेदारच कामगारांना घाबरवायला वापरतात.

कामगाराच्या बाबतीत या शब्दाचे तीन अर्थ निघतात, आणि तिन्हींची गल्लत होते.

पहिला अर्थ, कंपनीनं स्वतःच्या रजिस्टरात ‘याला पुन्हा घेऊ नये’ अशी नोंद करणं. हे कंपनी करू शकते. कुणाला कामावर घ्यायचं हा मालकाचा अधिकार आहे. एकदा न सांगता गेलेल्याला दुसऱ्यांदा घ्यावंच, अशी सक्ती त्याच्यावर नाही.

दुसरा अर्थ, ठेकेदारांनी आणि सुपरवायझर लोकांनी आपसात फोनवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावं फिरवणं. खरी भीती याची असते. याला कायद्याचा आधार नाही, पण ते चोरून होतं म्हणून पकडणं अवघड. त्याबद्दल पुढं येईल.

तिसरा अर्थ, सगळ्या कंपन्यांना दिसेल अशी एखादी सरकारी यादी. अशी यादी नाहीच. आधार, ई-श्रम कार्ड, पीएफचा यूएएन नंबर, यापैकी कशातही मालकाला कामगारावर काळा शिक्का मारायची सोय नाही. ‘तुझा आधार ब्लॉक करतो’ असं कुणी म्हणत असेल तर ती निव्वळ थाप समजावी.

एकेकाळी मात्र तुरुंग होता

काम सोडून जाणं हा आपल्याकडे कधी गुन्हाच नव्हता, असं नाही. इंग्रजांनी १८५९ साली एक कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला, मजुराला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. काम पुरं कर किंवा पैसे परत दे, असा हुकूम व्हायचा. तो पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकानं पैसे बुडवले तर मात्र त्याला असा तुरुंग नव्हता. हा एकतर्फी कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. पुढं राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारी आणि सक्तीच्या मजुरीवर बंदीच घातली.

तेव्हापासून नियम साधा आहे. नोकरी हा दोघांमधला करार. करार मोडला तर पैशाचा हिशोब होऊ शकतो, पण माणसाला बळजबरीनं कामावर आणता येत नाही. कोर्टसुद्धा सहसा ‘जा आणि त्याच कंपनीत काम कर’ असा हुकूम देत नाही. म्हणूनच नुसतं काम सोडलं म्हणून ‘पोलीस केस करतो’ ही धमकीही पोकळ आहे. कंपनीचा माल, मोबाईल, रोकड घेऊन गेला, किंवा फसवायच्याच इराद्यानं पैसे उचलले, तर ती गोष्ट वेगळी. तो गुन्हा काम सोडण्याचा नसतो, चोरीचा किंवा फसवणुकीचा असतो.

कंपनी काय करू शकते?

नियुक्तीपत्रात १५ किंवा ३० दिवसांची नोटीस लिहिलेली असेल आणि कामगारानं त्यावर सही केली असेल, तर ती अट पाळणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ती मोडल्यामुळं नुकसान झालं असेल तर कंपनी भरपाई मागू शकते. पण कंपनीनं मागितलं आणि मिळालं, असं होत नाही. कायद्यात ‘वाजवी भरपाई’ असा शब्द आहे. करारात एक लाख रुपये लिहिले म्हणून एक लाख मिळतीलच असं नाही, कोर्ट वाजवी काय ते बघतं.

बॉण्डचं काय, हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात याचा निकाल दिला. तीन वर्षं नोकरी करायची, आधी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, अशी अट होती. अधिकाऱ्यानं आधीच राजीनामा देऊन दुसरी बँक धरली. न्यायालयानं ही अट वैध ठरवली. सरकारी बँकेला नवीन भरतीसाठी जाहिरात, परीक्षा असा मोठा खर्च येतो, हे त्यात विचारात घेतलं गेलं. म्हणजे बॉण्ड म्हटला की तो बेकायदाच, हा गैरसमज सोडून द्यावा. पण हेही बघावं की त्या प्रकरणात विषय पैशाचा होता. त्या अधिकाऱ्याला दुसऱ्या बँकेत काम करू नको, असं कुणी म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण मोठ्या पगाराच्या लोकांचं आहे. २०२३ मध्ये अकासा एअर या विमान कंपनीचे ४३ पायलट नोटीस काळ पूर्ण न करता गेले, म्हणून कंपनी अडचणीत आली. विमानं रद्द करावी लागली. कंपनीनं काय केलं? मुंबई उच्च न्यायालयात जाऊन भरपाई मागितली. विमान कंपनीसारखी कंपनीसुद्धा कोर्टाचा रस्ता धरते, मग दोन खोल्यांच्या ऑफिसातला लेबर कॉन्ट्रॅक्टर स्वतःच न्यायाधीश कसा होतो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट कंपनी करू शकते. नव्या कंपनीनं चौकशी केली तर ‘हा माणूस नोटीस न देता गेला’ असं खरं ते सांगू शकते. खरं आणि चांगल्या हेतूनं सांगितलेलं चालतं. पण गेला एवढंच झालेलं असताना ‘चोर आहे, दारू पितो, भांडणं लावतो’ असं खोटं पसरवलं तर ती बदनामी होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोराचा फोटो आणि आधार कार्ड टाकून ‘याला कुणी घेऊ नका, चोर आहे’ असं लिहिणाऱ्यानं हे कलम एकदा वाचून ठेवावं. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यानं त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. चोरून होणारी काळी यादी पकडायचा हाच एक धागा असतो.

कंपनी काय करू शकत नाही?

केलेल्या कामाचा पगार ठेवून घेता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत स्पष्ट लिहिलंय की कामगाराला काढून टाकलं असो की त्यानं राजीनामा दिला असो, त्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. इथंच राजीनाम्याचं महत्त्व कळतं. राजीनामा दिला त्या दिवसापासून कायद्याचं घड्याळ सुरू होतं. नुसतं निघून गेलं तर ठेकेदार म्हणतो, तो गैरहजर आहे, सोडून गेला असं कुणी सांगितलं? घड्याळ सुरूच होत नाही.

मनाला येईल तशी कपातही चालत नाही. कपात कशाकशाची करायची याची यादी कायद्यात आहे. गैरहजेरी, दिलेली उचल, ताब्यात दिलेल्या मालाचं कामगाराच्या हलगर्जीपणामुळं झालेलं नुकसान, अशा ठरलेल्या गोष्टी. गैरहजेरीची कपातही जेवढे दिवस खाडा तेवढ्याच दिवसांची. एक खाडा केला की दोन दिवसांचा पगार, हा काही ठेकेदारांचा हिशोब कायद्यात बसत नाही. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही.

हिशोब करून बघू. समजा पगार महिन्याला १५,६०० रुपये, कामाचे दिवस २६. म्हणजे रोज ६०० रुपये. पोरानं १८ दिवस भरले आणि गावाकडं आला. त्याचे १०,८०० रुपये झाले. ठेकेदाराकडं कपातीची कितीही कारणं असली तरी निम्मे, म्हणजे ५,४०० रुपये तरी हातात पडलेच पाहिजेत. बाकीच्या ५,४०० मधली प्रत्येक कपात कशाची, हे त्याला सांगावं लागेल. ‘ब्लॅकलिस्ट केलंय’ हे कपातीचं कारण होत नाही.

एक अपवाद मात्र गावाकडच्या पोरांनी नीट लक्षात ठेवावा. दहा किंवा जास्त कामगारांनी ठरवून, नोटीस न देता आणि योग्य कारण नसताना एकदम काम बंद केलं, आणि करारात नोटीसची अट असेल, तर गैरहजेरीच्या कपातीशिवाय आठ दिवसांपर्यंतचा पगार जास्त कापता येतो. ही तरतूद १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही होती. एका गावची पोरं एकाच लाइनवर असतात, एकाच गाडीनं येतात आणि एकाच यात्रेला एकदम गायब होतात. त्यांना ही तरतूद लागू शकते. एकट्यानं सोडणं आणि टोळीनं सोडणं, यात कायदा फरक करतो.

दुसरीकडं काम करायला बंदी घालता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. ‘इथून सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत लागणार नाही’ असं लिहून घेतलं असलं, तरी नोकरी सोडल्यानंतर ते कोर्टात टिकत नाही.

दहावी-बारावी-आयटीआयचे मूळ दाखले अडकवून ठेवायचा अधिकारही मालकाला कोणत्याच कामगार कायद्यानं दिलेला नाही. ते कामगाराचे कागद आहेत. आधी चूक होते ती आपली. गेटवर मूळ कागद मागितले की पोरं देऊन टाकतात. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत खिशात ठेवावेत.

आणि आठ-दहा दिवस गैरहजर राहिला म्हणून नाव आपोआप कमी करता येतं का? १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं डी. के. यादव यांच्या खटल्यात यावर निकाल दिला. कंपनीचं म्हणणं, आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर, म्हणून नाव गेलं. कामगाराचं म्हणणं, गेटवर मला आतच घेत नव्हते. चौकशी न करता, म्हणणं न ऐकता असं नाव कमी करणं न्यायाला धरून नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याला परत कामावर घ्यायला लावलं आणि मागचा निम्मा पगारही द्यायला लावला. ज्याला काम सोडायचं नव्हतं, आजारपणामुळं किंवा घरच्या अडचणीमुळं जाता आलं नाही, त्याच्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

नव्या कंपनीला कळतं कसं?

बरीच पोरं म्हणतात, यादी नाही तर मग नव्या ठिकाणी अडतं का? अडतं ते बहुतेक वेळा पीएफमुळं. यूएएन नंबर एकच असतो आणि त्यात आधीच्या नोकऱ्यांची नोंद दिसते, कधी लागला आणि कधी सोडली. तिथं ‘न सांगता पळाला’ असा रकाना नाही. पण जुन्या ठेकेदारानं सोडल्याची तारीखच टाकली नसेल, तर माणूस कागदावर अजून तिथंच कामाला दिसतो. नवीन एचआर विचारतो, दोन ठिकाणी कसा काय? पोराला वाटतं ब्लॅकलिस्ट झालो. प्रत्यक्षात एक तारीख भरायची राहिलेली असते.

यावर उपाय आहे. २०२० पासून ही तारीख कामगार स्वतः टाकू शकतो. शेवटची पीएफ रक्कम जमा झाल्यावर दोन महिने थांबायचं, मग यूएएनच्या वेबसाइटवर आधार ओटीपी वापरून नोंद करायची. ठेकेदाराच्या पाया पडायची गरज नाही. पीएफचा पैसाही कामगाराचाच असतो, तो मालकाला अडकवता येत नाही. कर्जापोटी त्यावर जप्तीही येत नाही.

अनुभवाचा दाखला मात्र खरी अडचण ठरू शकतो. न सांगता गेलेल्याला कंपन्या तो देत नाहीत. त्याच्याऐवजी नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी आणि पीएफचं पासबुक दाखवून बरंच काम भागतं. म्हणून हे कागद नोकरी चालू असतानाच मोबाईलमध्ये जमा करत राहावेत. नियुक्तीपत्र देणं आता नव्या संहितेप्रमाणं मालकावर बंधनकारक आहे. ते दिलंच नसेल तर ‘३० दिवसांची नोटीस होती’ हे ठेकेदार कशाच्या जोरावर सांगणार, हा प्रश्न उभा राहतोच.

अप्रेंटिस म्हणून लागलेल्या पोरांचं गणित थोडं वेगळं. ते कायद्यानं कामगार धरले जात नाहीत, शिकाऊ असतात. करार त्यांच्या चुकीमुळं मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च मागितला जाऊ शकतो. त्यांनी करारपत्र वाचल्याशिवाय घर गाठू नये.

हे सगळं झालं आपल्या देशातलं. आखातात ड्रायव्हर, वेल्डर म्हणून जाणाऱ्यांना हे लागू नाही. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत येते, तिथल्या २०२१ च्या कायद्यात बेकायदेशीरपणे काम सोडणाऱ्याला एक वर्ष दुसरं वर्क परमिट न देण्याची तरतूद आहे. तिथं ही ‘यादी’ सरकारच ठेवतं. म्हणून इथली सवय तिथं नेऊ नये.

ऊसतोडीचं काय?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागात हा प्रश्न कंपनीपेक्षा फडात जास्त आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, आणि हंगाम संपेपर्यंत उचल फिटली पाहिजे असा व्यवहार. मध्येच कुणी आजारी पडलं, बाईचं बाळंतपण आलं, आणि जोडपं गावाकडं निघालं की मुकादम अडवतो. पुढच्या हंगामाला कुणीच उचल देणार नाही अशी धमकी मिळते. हीसुद्धा काळी यादीच, फक्त कागदावर नाही.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. घेतलेली उचल हे देणं आहे, काम सोडलं तरी उरलेला हिशोब राहतो. तो मागायचा मुकादमाला हक्क आहे. पण उचलीपायी माणसाला कोंडून ठेवणं, पोरंबाळं किंवा बैलजोडी अडकवणं, दुसरीकडं कामाला जाऊ न देणं, याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं बंदी आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वेठबिगारी सिद्ध झाली तर ते कर्जच रद्द होतं. तक्रार करायची ती तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं.

दुसरी बाजूही खोटी नाही. उचल घेऊन टोळीच न पाठवणारे मुकादम आणि त्यात बुडालेले ट्रॅक्टरवाले, वाहतूकदार प्रत्येक साखरपट्ट्यात सापडतील. कर्ज काढून गाडी घेतलेला, उचलीला लाखो रुपये दिलेला माणूसही शेतकऱ्याचाच पोरगा असतो. तो पोलिसांत जातो, तेव्हा तक्रार काम सोडल्याची नसते, पैसे घेऊन फसवल्याची असते. काम करता करता सोडणारा मजूर आणि पैसे घेऊन गायब होणारा माणूस यांना एकाच यादीत टाकलं, की प्रामाणिक मजुराचं नुकसान होतं.

मालकाच्या चपलेत पाय घालून बघितलं तर

मोठ्या कंपनीला एक माणूस गेल्यानं फरक पडत नाही. पण तिला सुटे भाग पुरवणाऱ्या दहा-वीस माणसांच्या छोट्या वर्कशॉपला पडतो. सोमवारी सकाळी दोन ऑपरेटर आले नाहीत तर मशीन बंद, माल वेळेत गेला नाही तर मोठी कंपनी ऑर्डर कमी करते. राहिलेल्या पोरांना डबल ड्युटी करावी लागते. न सांगता जाण्याचा पहिला फटका बसतो तो शेजारच्या मशीनवरच्या आपल्याच गावच्या पोराला. पुढच्या वेळी त्या गावच्या मुलांना घेताना मालक दोनदा विचार करतो. ही यादी कुठं लिहिलेली नसते, पण ती असते, आणि तिच्यावर कोर्टात दाद मागता येत नाही.

मात्र पोरं न सांगता का जातात, हेही मालकांनी स्वतःला विचारावं. राजीनामा दिला की पगार अडवतात, हे पोरांनी आधीच्यांचं बघितलेलं असतं. म्हणून ती पगार खात्यावर पडेपर्यंत गप्प राहतात आणि दुसऱ्या दिवशी निघतात. सांगून जाणाऱ्याला शिक्षा आणि पगार घेऊन गुपचूप जाणाऱ्याला सुटका, अशी रीत पडली तर सांगून कोण जाईल? जो ठेकेदार राजीनामा देणाऱ्याचा हिशोब दोन दिवसांत चुकता करतो, त्याच्याकडं नोटीस देणारी माणसं मिळतील.

सोडायचंच असेल तर

सोडताना चार ओळींचा मेसेज लिहावा. मराठीतला चालतो, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलाही अगदी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, ईमेल असेल तर उत्तम. त्यात नाव, टोकन नंबर, कोणत्या तारखेपासून काम सोडतोय, कारण एका ओळीत, आणि ‘माझा आजपर्यंतचा पगार खात्यावर जमा करावा’ एवढं असावं. घरी दवाखाना असेल तर चिठ्ठीचा फोटो जोडावा. ठेकेदार आणि कंपनीचा एचआर, दोघांना पाठवावा. निळ्या टिकचा स्क्रीनशॉट ठेवावा. आधीच निघून आला असाल तरी आज हा मेसेज पाठवता येतो. उशिरा दिलेला राजीनामाही राजीनामाच असतो.

ओळखपत्र, गेटपास, सेफ्टी बूट, कंपनीचा मोबाईल असं काही आपल्याकडं असेल तर परत करून पोच घ्यावी. ‘माल घेऊन पळाला’ म्हणायला जागा ठेवू नये. कोऱ्या कागदावर किंवा ‘सगळा हिशोब मिळाला’ अशा कागदावर पैसे हातात येण्याआधी सही करू नये.

पगार मिळालाच नाही तर ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही लेखी कळवावं. ठेकेदारानं बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे कायद्यातच आहे. त्यानंतर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, पण जेवढा उशीर तेवढे पुरावे हरवतात. पीएफच्या तक्रारीसाठी ईपीएफओचा १४४७० हा नंबर आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीत अडकलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००.

ब्लॅकलिस्टची धमकी चालते ती कामगाराकडं कागद नसतो आणि त्याला हिशोब मागायची लाज वाटते म्हणून. दहा हजार रुपयांसाठी कुठं फिरायचं, असं म्हणून पोरगं गप्प बसतं, आणि ठेकेदाराला तेच हवं असतं. अशी महिन्याला दहा पोरं गप्प बसली तर एकाच ठेकेदाराकडं लाखाचा घाम पडून राहतो. म्हणून काम सोडताना चार ओळी लिहायच्या आणि केलेल्या कामाचा पैसा मागायचा. त्यात चोरटं काही नाही, भीक तर नाहीच.